कामाशिवाय बाहेर पडल्यावर तुम्हाला काय सापडतं?

रिकामटेकडा

परवा एकांना भेटायला गेलो तर ते तासाभराने येणार असं कळलं. मोबाइल बंद पडायच्या बेतात, पिशवीत पुस्तक नाही. समोरच्या बागेच्या कठड्यावर जाऊन बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून झाडाखालच्या कवडशांकडे बघत राहिलो.

कवडसे काय, जन्मभर पाहिलेत. पण ते सगळे गोल का असतात, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. वर पानांमधल्या फटी बघा. कुठे त्रिकोणी, कुठे चिरोटीसारख्या लांबट, कुठे नुसत्याच फाटक्या. आणि खाली जमिनीवर मात्र शिस्तीत गोल टिकल्या!

घरी येऊन शोधाशोध केली. त्या टिकल्या म्हणजे फटींचे आकार नाहीतच, ती सूर्याची चित्रं आहेत. शाळेत खोक्याला टाचणीने भोक पाडून कॅमेरा करायचो ना, तेच काम प्रत्येक बारीक फट करत असते. सूर्य गोल म्हणून टिकली गोल. खंडग्रास ग्रहण लागलं की याच टिकल्यांच्या कोरी होतात, अख्ख्या फुटपाथवर शेकडो कोरी.

पुढची गंमत ऐका. सूर्य आपल्याला जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे टिकलीची रुंदी ही फटीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा साधारण १०८ वा भाग असते. टिकली ९ सेंटिमीटरची भरली तर फट दहाएक मीटरवर. म्हणजे खिशात फूटपट्टी असेल तर झाडावर न चढता फांदी किती उंच आहे ते सांगता येतं! भेटायचे होते ते गृहस्थ शेवटी आलेच नाहीत, पण मला त्याचं काही वाटलं नाही. बायकोला मात्र वाटलं, कारण तिचंच काम होतं.

तर धागा यासाठी. आपापल्या शहरात, येताजाता, असं फुकटचं काय सापडलं ते लिहा. दोन विनंत्या आहेत. शहराचं नाव लिहू नका, नाहीतर चौथ्या प्रतिसादापासून ‘आमचं शहर की तुमचं’ सुरू होईल. आणि खाण्यापिण्याच्या जागा नकोत, त्याचे पन्नास धागे पडलेत इथे. कुणालाही कुठेही बघता येईल असंच लिहा.

पाचोळा

पहिली! सावकाश लिहिते.

गच्चीवरची

कवडशांचं वाचून लगेच खाली जाऊन आले. खरंच गोल आहेत हो! काही लांबुळकी दिसली, ती ऊन तिरपं असल्यामुळे का?

माझ्याकडून इंद्रधनुष्य. हे नशिबाने दिसतं असं मी समजत होते. आता शोधून काढते. पाऊस पडून गेला आणि ऊन आलं की आधी स्वतःची सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा थोडी तरी लांब असेल तरच मान वर करायची, कारण सूर्य ४२ अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून धनुष्य दिसतच नाही. म्हणून भर दुपारी ते सहसा नसतं. आणि बघायचं कुठे? आपल्या सावलीचं डोकं जिकडे असेल तिकडे. धनुष्याचा मध्य बरोबर त्या रेषेत असतो. त्यामुळे सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला.

यातून एक गोष्ट निघते, ती कळल्यापासून मी जरा चढेल झाले आहे. प्रत्येकाच्या डोक्याची सावली वेगळी, म्हणजे प्रत्येकाचं धनुष्यही वेगळं. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला दिसतंय ते त्याचं, मला दिसतंय ते माझं.

रिकामटेकडा

@गच्चीवरची, हो, तिरप्या उन्हात टिकली लांबते. मोजताना आखूड बाजू धरायची आणि १०८ ने गुणायचं. येतं ते तिरपं अंतर. सरळ उंची हवी तर त्याला पुन्हा आखूड भागिले लांब बाजूने गुणायचं. फट मोठी असेल तर मात्र हिशेब बिघडतो, म्हणून कडा मऊ असलेल्या, फिकट टिकल्या घ्या.

नवऱ्याच्या धनुष्याचं भारी आहे.

शंकेखोर

छान चाललंय. पण एक विचारू का? हे सगळं वेळ असलेल्यांचं कौतुक नाही का? मी सकाळी साडेसातला निघतो, रात्री नऊला परत. उभ्याने प्रवास. माझ्यासाठी शहर म्हणजे पुढच्या माणसाची पाठ. रविवारी ‘भटकंती’ करायला निघालो तर घरचे विचारतात, दळण कोण आणणार?

आणि दुसरं. पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीचं विज्ञान शोधायलाच हवं का?

उंबरठा

शंकेखोर यांच्या पहिल्या मुद्द्याला अनुमोदन, पण माझी तक्रार वेगळी आहे.

रिकामटेकडे भाऊ, तुम्ही तासभर कठड्यावर बसलात आणि कुणी काही बोललं नाही. मी बसले असते तर पाचव्या मिनिटाला कुणीतरी ‘कुणाची वाट बघताय?’ म्हणून विचारलं असतं आणि दहाव्या मिनिटाला दुसरं कुणीतरी शेजारी येऊन बसलं असतं. बाईने रस्त्यात कामाशिवाय उभं राहणं अजून लोकांच्या अंगवळणी पडलेलं नाही. चालत राहिली तर ठीक, थांबली की प्रश्न.

मग मी बहाणे शोधून काढलेत. सगळ्यात चांगला बहाणा म्हणजे बुटाची नाडी. त्यानंतर खोटा फोन. कानाला लावायचा, अधूनमधून ‘हं, हं’ म्हणायचं आणि निवांत बघत उभं राहायचं. एकदा अशीच खोटा फोन कानाला लावून पाकोळ्या बघत होते आणि तेवढ्यात खरा फोन वाजला, कानातच. समोरचे काका हसले. मीही हसले.

पाकोळ्यांबद्दल सांगायचंच होतं. संध्याकाळी उंच इमारतींच्या वर किरकिर करत कोयत्यासारख्या पंखांचे पक्षी घिरट्या घालतात ना, त्या. कधी तारेवर बसलेल्या दिसल्यात का? दिसणार नाहीत. त्यांचे पाय भिंतीला लोंबकळण्याचे, तारेवर बसण्याचे नाहीत. युरोपात वीण करणारी त्यांची एक जात वर्षातले दहा महिने हवेतच काढते असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं. पक्ष्यांच्या पाठीवर इवलीशी यंत्रं बसवली होती. खाणं हवेत, झोपही बहुधा हवेतच. दहा महिने ‘कुणाची वाट बघताय?’ म्हणून विचारायला कुणी नाही! हेवा वाटतो मला.

रिकामटेकडा

@उंबरठा, खरं आहे. लिहिताना हे माझ्या मनातही आलं नाही, आणि ते का आलं नाही ते तुम्ही सांगितलंतच.

कोपरा

शंकेखोर भाऊ, मीही उभ्याने जाणाऱ्यांतलाच, रोज सव्वा तास. पण त्या सव्वा तासात ऐकायला मिळतं. गाडी फाटकावरून भोंगा वाजवत जाते तेव्हा फाटकाशी उभं राहून ऐका. गाडी पुढून निघून गेली की आवाजाची पट्टी खाली घसरते. रुग्णवाहिकेचंही तेच. असं होणार हे डॉप्लर नावाच्या शास्त्रज्ञाने १८४२ साली कागदावर मांडलं होतं. खरं-खोटं करायला १८४५ साली हॉलंडमध्ये बायस बॅलट यांनी चक्क आगगाडीवर तुताऱ्या वाजवणारे बसवले आणि रुळांशेजारी सूर ओळखणारे जाणकार उभे केले. त्या काळी इतक्या वेगाने जाणारं दुसरं होतं काय! इंजिनाच्या धडधडाटात ते बिचारे सूर कसा धरून ठेवत असतील याची मला फार काळजी वाटते.

तेव्हापासून फाटक बंद मिळालं की मी चिडत नाही. म्हणजे, कमी चिडतो.

पायवाट

माझं आयडी नाव उगाच नाही.

कुठल्याही शहरात हिरवळीला कुंपण नसेल तर तिच्यावर तिरकी पायवाट पडतेच. काटकोनात बांधलेला सिमेंटचा रस्ता शेजारी असतो, त्यावर कोणी नसतं. एका बाजूने ३० पावलं आणि दुसऱ्या बाजूने ४० असतील तर तिरकं गेल्यावर ५० होतात. वीस पावलं वाचवण्यासाठी आपण सगळे, एकमेकांशी काहीही न बोलता, गवत मारतो. मी स्वतः धरून.

अशा वाटा बघत फिरणं हा माझा उद्योग. कुठली वाट रुंद झाली, कुठली बुजत चालली यावरून पलीकडे काय उघडलं, काय बंद पडलं ते कळतं. आमच्या ऑफिसमागची एक वाट तीन महिन्यांत पुसली गेली. जाऊन पाहिलं तर पलीकडचं फाटक कायमचं बंद झालं होतं. गवताने मला ही बातमी आधी दिली.

मध्ये एकदा एका वाटेवर झाडांच्या कुंड्या आणून ठेवल्या, लोकांनी जाऊ नये म्हणून. आठ दिवसांत कुंड्यांना वळसा घालून नवी वाट तयार.

दिवाभीत

+१ पायवाट.

मी रात्रीचा फिरणारा. जुने पिवळेजर्द रस्त्याचे दिवे ज्यांना आठवत असतील त्यांना विचारतो, त्यांच्याखाली उभ्या गाडीचा रंग ओळखता यायचा का? त्यातले सोडियमच्या वाफेचे एक प्रकारचे दिवे जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा उजेड द्यायचे. त्यात लाल नाही, निळा नाही, मग लाल गाडी लाल दिसणार कशी? सगळं जग पिवळं आणि तपकिरी. आता पांढऱ्या दिव्यांखाली सगळे रंग दिसतात, आणि खरं सांगू, मला त्या पिवळ्याची आठवण येते. एखाद्या गल्लीत चुकून राहिलेला दिवा सापडला की मी तिथून जरा हळू जातो.

आणि चंद्र. रोज ठरावीक वेळी निघत असाल तर लक्षात येईल, चंद्र दुसऱ्या दिवशी सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता वर येतो, मग रोज मागे पडत जातो. इमारतीमागून वर येताना ताटाएवढा दिसतो ना? हात लांब करून करंगळी समोर धरा. करंगळीमागे पूर्ण झाकला जातो. मध्यरात्री डोक्यावर आला की पुन्हा धरा. तेवढाच! मोठेपणा सगळा आपल्या डोक्यात. मित्राला हे दाखवलं तर तो म्हणाला, माझी करंगळी जाड आहे.

मोजूनमापून

मी रोज दहा हजार पावलं चालतो. घड्याळ मोजतं. त्यामुळे आपोआप फिरणं होतं. सर्वांना सुचवेन.

शंकेखोर

@मोजूनमापून, दहा हजार हा आकडा कुठून आला माहीत आहे का? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ अशा अर्थाचं होतं. आकडा आधी, अभ्यास नंतर. चालणं चांगलंच आहे, पण तुम्हाला त्या दहा हजारांत काय दिसलं ते सांगा ना.

मोजूनमापून

घड्याळ दिसलं. :)

बरं, उद्या बघतो.

पाचोळा

आले. उशीर झाला.

शंकेखोरांच्या दुसऱ्या प्रश्नावर मी त्यांच्या बाजूने. मला कारणं नकोत. कबुतराच्या मानेवरची हिरवी-जांभळी झाक मला आवडते. ती पिसांतल्या रंगाची नसून पिसांच्या बारीक रचनेमुळे उजेड फुटून दिसते, असं धाकट्या भावाने सांगितलं. सांगू दे. सांगायच्या आधीही ती तशीच होती.

माझ्या आवडीच्या गोष्टींना नावं नाहीत. सकाळी दुकानांची शटर्स एकामागून एक उघडतात तेव्हा त्या आवाजात जी लय येते ती. बसच्या ओल्या काचेवर आतून कुणीतरी काढलेलं घर, बहुतेक लहान मुलाने, कारण धूर घरापेक्षा मोठा. जिना चढताना कठड्याच्या लाकडावर हातांनी घासून आलेला गुळगुळीतपणा. तो वळणावर जास्त असतो, तिथे सगळ्यांनीच घट्ट धरलेलं असतं. अनोळखी बाळ समोरच्या रांगेतून टक लावून बघतं आणि आपण हसल्यावर आईच्या खांद्यात तोंड लपवून पुन्हा हळूच एक डोळा काढतं. याचं विज्ञान कोणी शोधू नका, प्लीज.

रिकामटेकडा

पाचोळाताई, कठड्याचं आवडलं. पण मी तुमच्याशी भांडणार. मला प्रश्न पडला नसता तर कवडशांकडे मी दुसऱ्या मिनिटाला पाठ फिरवली असती. प्रश्नाने मला तिथे बसवून ठेवलं. तुमचं लक्ष मुळातच तसं आहे, आमच्यासारख्यांना खुंटी लागते.

पाचोळा

असेल. पण तुम्ही फूटपट्टी घेऊन गेलात की उन्हाकडे बघता की फूटपट्टीकडे?

रिकामटेकडा

…बरोबर पकडलंत.

दगडूशेठ_नव्हे_दगडू

फरशीकडे बघता का कोणी? मोठ्या इमारतींच्या, स्टेशनांच्या पायऱ्यांना, खांबांना पॉलिश केलेली चुनखडी असेल तर जवळ जाऊन बघा. गोगलगायीसारखी वेटोळी, शिंपल्यांचे कापलेले काठ दिसतात कधी कधी. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्राचा तळ, आणि आपण त्यावर पाय पुसतो. मी एका बँकेत टोकन नंबर हुकवला यापायी. खाली वाकून बघत होतो, माझा नंबर येऊन गेला. पहारेकऱ्याला वाटलं पैसे पडले. तोही शोधू लागला. मग त्याला वेटोळं दाखवलं. आता मी गेलो की तो आधी नवीन सापडलेलं दाखवतो, मग टोकन देतो.

ग्रॅनाइटमध्ये शोधू नका, तो वितळलेल्या रसातून थिजलेला दगड. त्यात फक्त स्फटिकांचे दाणे. दाणे जितके मोठे तितका तो सावकाश थंड झालेला.

गच्चीवरची

पहारेकरी! हे तर धाग्यातलं सगळ्यात छान.

बिनपावसाळी

दगडांवरून आठवलं. जुन्या भिंतींवर, झाडांच्या खोडांवर राखाडी-हिरवट खपल्या असतात, दगडफूल. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. हवा खराब झाली की त्यातले बरेच प्रकार आधी जातात. १८६६ साली नायलँडर या अभ्यासकाने पॅरिसच्या एका मोठ्या बागेत याचे भरपूर प्रकार नोंदवले आणि उरलेल्या शहरात ते फारसे सापडत नाहीत हेही लिहिलं. हवा मोजायची यंत्रं नव्हती तेव्हाची गोष्ट. मी कुठल्याही नव्या भागात गेले की आधी झाडाच्या खोडाकडे बघते. मुलीला शाळेत सोडायच्या वाटेवर चौकातल्या झाडांची खोडं स्वच्छ, आणि आतल्या गल्लीत खपल्याच खपल्या. आम्ही आता गल्लीतून जातो, चार मिनिटं जास्त लागतात.

आणि मृद्गंध कुणीच कसा लिहिला नाही? त्याला शास्त्रात ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोघांनी दिलं. झाडांची तेलं कोरड्या दगड-मातीत मुरलेली असतात, त्यात मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या द्रव्याचा वास मिसळतो. २०१५ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये थेंब पडतानाचं अतिवेगवान चित्रण केलं. थेंब आदळला की त्याच्या पोटातून बारीक बुडबुडे वर येऊन फुटतात आणि तुषार हवेत उडवतात. मुसळधार पावसात हे कमी होतं, हलक्या सरीत जास्त. म्हणून चार थेंब पडले तरी वास घमघमतो आणि झोडपायला लागल्यावर नाहीसा होतो.

पाचोळा, माफ करा. राहवलं नाही.

पाचोळा

माफ. बुडबुड्यांसाठी माफ.

शंकेखोर

एक कबुली द्यायची आहे. काल रात्री परत येताना उतरून चालत निघालो. घाई नव्हती असं नाही, पण दिवाभीत यांची करंगळी डोक्यात बसली होती. चंद्र समोरच्या टाकीमागून वर आला होता, तांबूस, मोठाच्या मोठा. हात लांब केला. झाकला गेला.

मागून एक मुलगा येत होता, तोही थांबला, त्यानेही करंगळी काढली. मी काही न सांगताच! दोघे प्रौढ पुरुष भर रस्त्यात करंगळी दाखवत उभे. पुढे तो त्याच्या वाटेने, मी माझ्या. दळण राहिलंच.

हळूहळू

बरेच दिवस वाचते आहे, आज लिहिते.

वडिलांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. पूर्वी ते माझ्या पुढे दहा पावलं असायचे, आता आमच्या इमारतीपासून कोपऱ्यापर्यंत जायला वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला मला या वीस मिनिटांचा फार राग यायचा. ऑफिस, घर, सगळं डोक्यात. ते मात्र दर दोन पावलांना थांबायचे आणि थकले म्हणून थांबले असं कबूल करायचे नाहीत. ‘ते बघ’ म्हणायचे. मग मला बघावं लागायचं. खरं तर तिथे बघण्यासारखं काही नसायचं, एखादी खिडकी, एखादं कुत्रं. थांबायला कारण हवं म्हणून ते शोधत होते. उंबरठाताई, तुमच्या नाडीवरून तेच आठवलं.

परवा त्यांना हा धागा वाचून दाखवला. जन्मभर शाळेत गणित शिकवलंय त्यांनी. १०८ वर बोट ठेवलं आणि म्हणाले, याची खातरजमा केली पाहिजे. आज सकाळी खिशात माझ्या मुलीची पट्टी टाकून निघाले. कोपऱ्यावरच्या झाडाखाली काठी मला धरायला दिली आणि खाली वाकायला लागले. मी नको म्हणत होते. शेवटी मी टिकली मोजली आणि ते आकडे मागत राहिले. आखूड बाजू ८ सेंटिमीटर, लांब १०. हिशेब त्यांनी तोंडी केला. तिरपं अंतर आठ मीटर चौसष्ट, सरळ उंची सात मीटरला थोडी कमी. मग वर बघून म्हणाले, फांदी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या वर टेकते आहे, जमतंय.

घरी यायला आज चाळीस मिनिटं लागली. उद्या पलीकडचं झाड मोजायचं ठरलंय, ते रस्त्याच्या त्या बाजूला आहे आणि अजून आम्ही रस्ता ओलांडलेला नाही.

रिकामटेकडा

हळूहळू, काकांना सांगा, फिकट टिकल्या घ्या. आणि दुपारी बारानंतरचा आकडा मिळाला तर इथे लिहा, माझ्या मोजणीशी ताडून बघायचा आहे.

हळूहळू

सांगितलं. ते म्हणतात, तुम्ही फटीची रुंदी वजा करायला विसरलात.